संगणकाची पदवी : फी कुणाच्या खिशातून, पगार कुणाच्या हातात?

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या बसस्थानकापासून जिल्हा न्यायालयाच्या भिंतीपर्यंत खासगी विद्यापीठांचे फलक झळकू लागतात. फलकावर टाय लावलेला एक हसरा मुलगा असतो, त्याच्या डोक्यावर अमुक लाखांचे पॅकेज लिहिलेले असते आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत ‘अटी लागू’ असते. तो फलक पाहून आमच्या वस्तीतला सफाई कामगार, अंगणवाडी सेविका, बांधकामावरचा गवंडी आपल्या लेकराला संगणकाच्या पदवीला घालायचे ठरवतो. तो हे ठरवतो, याचा आम्हाला अभिमानच आहे. परंतु या पदवीला खरा खर्च किती, ती मिळाल्यावर हातात पगार किती आणि त्या वर्गात आमची मुले किती, या तीन प्रश्नांची उत्तरे फलकावर नसतात. आंबेडकरी चळवळीने आरक्षणासाठी रस्त्यावर मार खाल्ला, शिष्यवृत्तीसाठी समाज कल्याण कार्यालयांना घेराव घातले. या तीन प्रश्नांचा हिशेब मात्र चळवळीने आजवर कुणाला मागितलेला नाही.

तंत्रशिक्षणाचा आग्रह ही काही आमची आजची हौस नव्हे. बाबासाहेब जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन व्हाइसरॉयपुढे ठेवले. कला व कायदा शाखेच्या पदव्यांनी समाजाचा फारसा लाभ व्हायचा नाही. विज्ञान व तंत्रशास्त्राचे वरचे शिक्षण मिळाले पाहिजे आणि ते गरिबाच्या आवाक्याबाहेर असल्याने सरकारने त्याचा भार उचलला पाहिजे, असा त्यातला युक्तिवाद आहे. (कायद्याची पदवी घेऊन बसलेल्या आम्हा मंडळींनी तो निमूटपणे वाचावा, लिहिणारा स्वतः बॅरिस्टर होता.) १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. तेव्हा महाविद्यालयाच्या खिडकीवरचा बाबू ‘तुमचं काय बाबा, फुकटच आहे’ असे म्हणतो, तेव्हा तो या देशातील एका जुन्या आणि कष्टाने मिळवलेल्या हक्काची टिंगल करीत असतो, हे आमच्या मुलांनी ध्यानात ठेवावे.

आता जागेचे पाहू, कारण खर्चाचा सारा प्रश्न जागेपासून सुरू होतो. १९८३ साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडून दिले आणि साखर कारखान्यांच्या जोडीला शिक्षणसम्राटांचे राज्य उभे राहिले. डोनेशनचा इतका कहर झाला की १९८७ मध्ये कॅपिटेशन फीला बंदी घालणारा कायदा करावा लागला. पुढे १२ ऑगस्ट २००५ रोजी इनामदार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, विनाअनुदानित खासगी संस्थांवर सरकारला आरक्षण लादता येणार नाही. त्यावर संसदेने ९३ वी घटनादुरुस्ती करून कलम १५ मध्ये पाचवे उपकलम घातले आणि २००६ मध्ये महाराष्ट्राने खासगी व्यावसायिक संस्थांतील आरक्षणाचा कायदा केला. आज अनुसूचित जातींच्या १३ टक्के जागा दिसतात त्या यामुळे. मात्र त्याच उपकलमातून अल्पसंख्याक संस्था वगळलेल्या आहेत. मुंबईतील काही नामांकित अभियांत्रिकी महाविद्यालयांना सिंधी वा गुजराती भाषिक अल्पसंख्याक दर्जा आहे. शहरातील उत्तम म्हणून गणल्या जाणाऱ्या वर्गांत आमची मुले कमी का दिसतात, याचे एक कारण घटनेच्या त्या एका वाक्यात आहे.

पालकाने समजून घ्यावी अशी गोष्ट ही की, एकाच इमारतीत, एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलांचा खर्च जागेच्या प्रकारामुळे जमीन-अस्मानाने वेगळा असतो. सीईटी देऊन केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून, मिळालेल्या जागेला उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची शिष्यवृत्ती लागू होते. उत्पन्न त्याहून अधिक असेल तर राज्याची फ्रीशिप शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क भरते. तीच जागा संस्था स्तरावरून, म्हणजे लोकांच्या भाषेत मॅनेजमेंट कोट्यातून घेतली की हे दोन्ही संपते. शिवाय ठरलेल्या शुल्काखेरीज जी रक्कम टेबलाखालून जाते, तिची पावती मिळत नाही आणि पावतीवाचून आम्हा वकिलांनाही काही करता येत नाही. खासगी व अभिमत विद्यापीठांचे तर प्रवेशाआधी लेखीच विचारावे : माझ्या मुलाला येथे शिष्यवृत्ती अथवा फ्रीशिप मिळेल काय? तोंडी ‘होऊन जाईल’ या दोन शब्दांवर आमच्या किती घरांनी दागिने मोडले आहेत, ते आमच्या कार्यालयाचे बाकडे सांगेल.

समजा बाप भुलला आणि त्याने वर्षाला तीन लाखांप्रमाणे चार वर्षांचे १२ लाख कर्ज काढले. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सर्वसाधारणपणे तारण मागतात. म्हणजे घर अडकले. साडेदहा टक्के व्याजाने दहा वर्षांची फेड धरली तर महिन्याचा हप्ता १६ हजारांच्या वर जातो आणि त्यात शिक्षण चालू असतानाचे व्याज धरलेले नाही. आता हा हप्ता ज्या पगारातून जायचा आहे, त्याच्याकडे वळू.

देशातील सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीचा, टीसीएसचा, नव्या अभियंत्यांसाठीचा सर्वांत खालचा पगार गेली अनेक वर्षे सालाना ३ लाख ३६ हजारांच्या आसपास राहिला आहे. म्हणजे महिन्याला २८ हजार. त्यातून भविष्य निर्वाह निधी व इतर कपाती गेल्या की हातात येते ती रक्कम आणखी कमी. फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोने साडेसहा लाख कबूल केलेल्या नव्या मुलांना साडेतीन लाखांवर येता का, असे विचारले. ऑगस्ट २०२४ मध्ये कॉग्निझंटने तीन वर्षांच्या पदवीधरांना देऊ केलेला २ लाख ५२ हजारांचा वार्षिक पगार देशभर चर्चेचा विषय झाला. महिन्याला २१ हजार. अभियंत्यांना आपण चार लाखांपासून पुढे देतो, असा खुलासा कंपनीने केला. म्हणजे बी.सी.ए. वा बी.एस्सी. झालेल्याचा भाव तेवढाच, हे कंपनीनेच सांगितले म्हणायचे! इन्फोसिसने २०२२ च्या तुकडीतील सुमारे दोन हजार मुलांना नेमणुकीचे पत्र देऊन दोन वर्षे रुजू करून घेतले नाही, अशी तक्रार पुण्याच्या नाइट्स या संघटनेने २०२४ मध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे नेली होती. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांवर कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. पुण्यात भाड्याची खोली, खानावळ आणि बसभाडे भागवून २८ हजारांतून १६ हजारांचा हप्ता कसा सुटेल, हे फलकावरच्या त्या हसऱ्या मुलालाच विचारावे लागेल.

यावरून आम्ही संगणकाची पदवी घेऊ नका असे म्हणतो, असा अर्थ कुणी काढू नये. कॅप फेरीतून, शिष्यवृत्तीवर घेतलेली हीच पदवी आजही आमच्या घरांना एका पिढीत वर काढू शकते. कर्ज नसलेल्या मुलाचे २८ हजार आणि कर्ज असलेल्या मुलाचे २८ हजार हे दोन वेगवेगळे पगार आहेत. शिवाय या धंद्यात पहिली दोन-तीन वर्षे काढली आणि काम येत असले तर पगार चढतो, हेही खरे आहे. पण ती दोन-तीन वर्षे काढायला मागे काही असावे लागते.

आता ‘फुकट’ जागेचा खर्च. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीत व्यावसायिक पदवीच्या विद्यार्थ्याला, तो वसतिगृहात राहत असेल तर, वर्षाला १३ हजार ५०० रुपये निर्वाहभत्ता आहे. घरून येत असेल तर ७ हजार. दिवसाला हिशेब केला तर पहिल्याला ३७ रुपये आणि दुसऱ्याला १९. मंत्रालयाच्या उपाहारगृहात एवढ्या पैशांत काय येते, ते सामाजिक न्याय खात्याच्या सचिवांनी एकदा खाऊन पाहावे. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुणे, मुंबई, नागपूर यांसारख्या शहरांसाठी तिचे ६० हजार रुपये ठरले : भोजनाचे ३२ हजार, निवासाचे २० हजार आणि निर्वाहाचे ८ हजार. दहा महिने धरले तरी निवासाला महिना दोन हजार. पुण्यात दोन हजारांत खाट मिळत नाही. आणि ही रक्कम येते कधी? सत्र संपता संपता. तोवर घरमालक थांबत नाही, खानावळवालाही थांबत नाही. त्यात लॅपटॉप आला, ज्याच्यावाचून या पदवीत एक दिवस निघत नाही आणि ज्याचे नाव शिष्यवृत्तीच्या कोणत्याही रकान्यात नाही. चाळीस-पन्नास हजारांचा तो लॅपटॉप बहुधा बचत गटाच्या कर्जातून येतो. आईच्या बचत गटाच्या.

याहून वाईट एक नवीनच प्रकार सुरू झाला आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या शिष्यवृत्तीसाठी पाच वर्षांचे ५९ हजार ४८ कोटी मंजूर केले. केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. त्याआधी २०१७ ते २०२० या काळात केंद्र वर्षाला जेमतेम अकराशे कोटींच्या आसपास देत होते, तेव्हा ही वाढ स्वागतार्हच. परंतु २०२१-२२ पासून केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर येतो आणि त्याने तो सात दिवसांत महाविद्यालयात भरायचा असतो. ज्या घरात सहा महिने एकरकमी दहा हजार दिसलेले नाहीत, त्या घरातील मुलाच्या खात्यावर पन्नास-साठ हजार येतात, त्याच आठवड्यात बापाला दवाखान्यात भरती करावे लागते आणि मुलगा थकबाकीदार होतो. पूर्वी महाविद्यालय सरकारच्या मागे लागायचे, आता ते पोराच्या मागे लागते. परीक्षेचा अर्ज अडवला जातो, गुणपत्रिका अडवली जाते. आमच्याकडे दरवर्षी अशी प्रकरणे येतात. कंपनीत रुजू होण्याची तारीख तोंडावर आणि मूळ कागदपत्रे महाविद्यालयाच्या कपाटात! मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवता येणार नाहीत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेत स्पष्ट सांगितले आहे. त्या अधिसूचनेची प्रत लावून एक साधी नोटीस गेली की बहुतेक कपाटे उघडतात, हा आमचा अनुभव आहे. प्रत्येक मुलाला नोटीस पाठवायला वकील कुठून मिळणार, हा प्रश्न राहतोच.

पैशाअभावी जागा जाते म्हणजे काय, ते सर्वोच्च न्यायालयाने दोनदा पाहिले. नोव्हेंबर २०२१ मध्ये आयआयटी मुंबईची जागा शुल्क वेळेत भरता न आल्याने गमावलेल्या दलित विद्यार्थ्याला न्यायालयाने प्रवेश देवविला. ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुझफ्फरनगर जिल्ह्यातील एका मजुराच्या मुलाला आयआयटी धनबादची जागा कलम १४२ वापरून परत दिली. त्याला मुदतीत भरता न आलेली रक्कम होती १७ हजार ५००. ते दोघे दिल्लीपर्यंत पोहोचले म्हणून देशाला कळले. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठे, आयआयटी आणि आयआयएम यांतून अनुसूचित जाती, जमाती व ओबीसींचे १३ हजार ६२६ विद्यार्थी बाहेर पडले. त्यातले अनुसूचित जातींचे आयआयटीतले १,०६८. आयआयटीत अनुसूचित जातींना शिक्षण शुल्क माफ आहे, तरीही. मग आमच्या जिल्ह्यातल्या विनाअनुदानित महाविद्यालयातून किती गळाले, हे कोणत्या संसदेत विचारायचे?

वर्गात आमची मुले किती, या प्रश्नाला सरकारी उत्तर मोठे गोड आहे. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशातील ४ कोटी ३३ लाख विद्यार्थ्यांपैकी ६६ लाख २३ हजार अनुसूचित जातींचे होते, म्हणजे १५.३ टक्के. लोकसंख्येतील वाट्याच्या जवळपास. पण या एका पोत्यात बहिःस्थ बी.ए. करणारी बाई आणि संगणक अभियंता एकत्र भरलेले आहेत. तोच बी.सी.ए.चा वर्ग पाहा. गरिबाची संगणक पदवी म्हणून तालुक्याच्या महाविद्यालयात तिला आमची मुले-मुली जात. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात तिलाही सीईटी लागली. पहिल्याच वर्षी अनेकांना परीक्षेची खबरच नव्हती, पुन्हा जादा परीक्षा घ्यावी लागली, तरी जागा रिकाम्या राहिल्या, आणि काही संस्थांनी अभ्यासक्रमाचे नाव बदलून सीईटीच चुकवली. बदललेल्या नावाच्या पदवीला शिष्यवृत्ती आणि कंपनी दोघेही ओळखतील काय, हे आधी विचारून घ्यावे.

वर्गातून कंपनीत जाताना आणखी एक उंबरठा असतो. दहावी, बारावी आणि पदवी तिन्हींत ६० टक्के, एकही केटी नको, शिक्षणात खंड नको, अशी अट कॅम्पसवर येणाऱ्या अनेक कंपन्या घालतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेला, पहिल्या वर्षी इंग्रजी समजून घेता घेता गणितात केटी लागलेला आणि पुढे उत्तम प्रोग्रॅम लिहू लागलेला मुलगा या अटीपुढे उभाच राहू शकत नाही. जात कुणी विचारली नाही, तरी जातीने आधीच उत्तर दिलेले असते.

नाव पाहून नाकारले जाते काय, यावर अभ्यास झाले आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतील जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढे बोलावले जाण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश भरली. २००९ मध्ये अभिजित बॅनर्जी व सहकाऱ्यांच्या दिल्लीतील अशाच प्रयोगात सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत नावावरून फरक आढळला नाही. कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत आढळला. म्हणजे जेथे हातातले कौशल्य तपासता येते तेथे आडनाव मागे पडते आणि जेथे बोलणे-चालणे ‘पसंत’ करायचे असते तेथे ते पुढे येते, असे आम्ही यावरून समजतो. सुरिंदर जोधका व कॅथरिन न्यूमन यांनी कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांना बोलते केले, तेव्हा गुणवत्तेचा जप करणारे हेच अधिकारी उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ महत्त्वाची मानत होते. वडील काय करतात, या प्रश्नाचे उत्तर आमच्या मुलाने काय द्यावे?

या साऱ्याचा हिशेब सरकारजवळ नाही काय? बराचसा आहे, आणि येथेच आमच्या कार्यकर्त्यांनी लक्ष घालावे. २०१६ पासून एनआयआरएफ या नावाने संस्थांची राष्ट्रीय क्रमवारी लागते. तिच्यासाठी संस्थेने भरलेला तक्ता तिने स्वतःच जाहीर करायचा असतो. फलक बाजूला ठेवा आणि हा तक्ता मागा. त्यात एकूण मुले-मुली किती, सामाजिकदृष्ट्या मागास किती, सरकारकडून पूर्ण शुल्क परतावा मिळालेले किती, वेळेत पदवी घेणारे किती, नोकरी लागलेले किती आणि त्यांचा मध्यम पगार किती, हे सारे येते. मध्यम पगार म्हणजे सर्व पगार चढत्या क्रमाने मांडले असता बरोबर मधला. फलकावरचा आकडा वर्गातल्या एका मुलाचा असतो, मधला आकडा तुमच्या मुलाच्या जवळचा असतो. दोन महाविद्यालयांचे तक्ते शेजारी ठेवले की अर्ध्या तासात पालकाचे डोळे उघडतात.

परंतु या तक्त्यातही एक चलाखी आहे. अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी यांचा एकच आकडा मागितला आहे. तेराऐवजी पाच टक्के मुले आमची असली तरी तो रकाना भरलेलाच दिसतो. मध्यम पगारही साऱ्यांचा मिळून. शिष्यवृत्तीवर शिकलेल्या मुलांपैकी किती जणांना नोकरी लागली, किती पगारावर लागली, हा प्रश्न तक्त्यात नाही. सरकार एका मुलामागे लाखो रुपये महाविद्यालयाला देते आणि त्या मुलाचे पुढे काय झाले, हे विचारत नाही. अमेरिकेत २०१५ पासून तेथील शिक्षण खाते प्रत्येक महाविद्यालयाचा खर्च, विद्यार्थ्यांचे कर्ज, वंशवार प्रमाण आणि पदवीनंतरची मधली कमाई लोकांसमोर मांडते. २०१९ पासून तर कॉम्प्युटर इन्फर्मेशन सिस्टिम्ससारख्या एकेका अभ्यासक्रमाची कमाई व कर्ज वेगळे सांगितले जाते. तेथील काळ्या लोकांचे प्रश्न त्याने सुटले नाहीत, पण निदान भांडायला आकडा हातात आहे.

आमच्याकडे तो आकडा आपणच काढायचा आहे. खासगी महाविद्यालय माहिती अधिकार नाकारील. समाज कल्याणचा सहायक आयुक्त नाकारू शकत नाही, कारण शिष्यवृत्तीचा पैसा त्याच्या कार्यालयातून मंजूर होतो. प्रत्येक जिल्ह्यातील एका कार्यकर्त्याने अर्ज करावा. आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक महाविद्यालयात संगणक व माहिती तंत्रज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षाला अनुसूचित जातींचे किती विद्यार्थी शिष्यवृत्तीस पात्र ठरले, त्यातील किती जणांचा अर्ज चौथ्या वर्षीही आला, दर विद्यार्थी किती रक्कम कोणत्या तारखेला जमा झाली आणि मुले-मुली किती, हे गेल्या पाच वर्षांचे मागावे. पहिल्या आणि चौथ्या वर्षातील फरक म्हणजे आमची गळती. उत्तराची मुदत तीस दिवस आहे, अर्जाचे शुल्क दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही.